शिफारसपत्र मे महिन्यातच मागा

वर एका ताईंनी लिहिलंय, लेक आत्ता अकरावीत आहे, कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू. अमेरिकेत राहत असाल तर थांबू नका हो. अर्ज वाचले जातात तेव्हा बारावीचे फार तर पहिल्या सत्राचे मार्क असतात, त्यामुळे सगळी भिस्त अकरावीवर. नॅशनल मेरिट या शिष्यवृत्तीसाठी धरतात ती पीएसएटी परीक्षासुद्धा अकरावीच्या ऑक्टोबरात होते.

आमचं घोडं अडलं ते कॉलेजच्या अर्जासोबत लागणाऱ्या शिक्षकांच्या शिफारसपत्रावर. चिरंजीव बारावीच्या ऑक्टोबरात केमिस्ट्रीच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "माझी यादी जूनमध्येच भरली रे." शेवटी पत्र लिहिलं ते इतिहासाच्या सरांनी, ज्यांच्या तासाला हा मागच्या बाकावर डुलक्या काढायचा! तेव्हा अकरावीच्या मे महिन्यातच विचारा. आणि मुलीलाच विचारू द्या, आईबाबांनी ईमेल धाडायचा नाही.

पैशाचं कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. फाफ्सा म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा फॉर्म. त्यात पालकांचं उत्पन्न बघतात ते दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. २०२७ च्या फॉलमध्ये कॉलेज सुरू होणार असेल तर २०२५ चं टॅक्स रिटर्न. घरासाठी वगैरे शेअर्स विकायचे असतील तर हे आधी बघा, विक्रीचा नफाही त्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जातो. आम्ही नेमके त्याच वर्षी विकले. आणि मूल अमेरिकन नागरिक असेल तर आईबाबा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असले तरी तो फॉर्म भरता येतो.

निबंधाचं टेन्शन मात्र आत्ता नको. कॉमन अ‍ॅप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यातल्या निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे, उन्हाळ्यात निवांत होतो.