सौर ड्रायरला अनुदान मिळतं, पण कांदा घ्यायला पैसे कुठले?

हिशेबनीस:
बचत गटांच्या प्रक्रिया उद्योगाचा विषय निघाला की गाडी यंत्राच्या अनुदानापाशी येऊन थांबते. केंद्राच्या 2020 च्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत सौर ड्रायरसारख्या यंत्राच्या भांडवली खर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. ठीक. आता रोज 100 किलो कांदा वाळवायचा हिशेब मांडा. 15 रुपये किलो धरला तर 1,500. सोलायला-चिरायला दोघींची मजुरी 600. महिन्याला 25 दिवस, म्हणजे 52,500. खरेदीदार दोन महिन्यांनी पैसे देणार असेल तर 1,05,000 अडकले. पिशव्या आणि वाहतूक वेगळीच. या लाखापायी गट बसतो. यंत्राचं अनुदान निम्मं करा आणि तेवढा पैसा खेळत्या भांडवलाला, म्हणजे रोजच्या कांदा-मजुरीला द्या, असं माझं स्पष्ट मत.

गावठाण:
साफ असहमत. बाईच्या नावावर ना सातबारा, ना घर. अनुदान कमी केलंत तर कर्ज वाढेल आणि बँक तारण मागेल. शिवाय त्याच योजनेत गटाच्या प्रत्येक सदस्येमागे 40,000 बीज भांडवल आहे, ते खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठीच. दहा जणींचे चार लाख होतात.

हिशेबनीस:
ते बीज भांडवल गटांच्या संघामार्फत कर्ज म्हणून मिळतं, फेडावं लागतं. पैसे साठ दिवसांनी येणार आणि हप्ता तिसाव्या दिवशी!

ओलावा:
दोघंही माल चांगलाच निघणार असं धरून चाललात. 100 किलो लाल कांद्यातून साल-देठ जाऊन 10-12 किलोच चकत्या हाती येतात. चकती 3 ते 5 मिलिमीटर हवी. जाड-बारीक झाली की बारीक करपते आणि जाड आतून ओली राहते. 60 अंशांच्या फार वर गेलात तर रंग तपकिरी होतो आणि माल परत येतो. ढगाळ दिवशी अर्धवट वाळलेला ट्रे रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी आंबूस वास. म्हणून जून ते सप्टेंबर बायोमास किंवा विजेची पूरक उष्णता लागतेच. कर्जाच्या अहवालात मात्र बारा महिने ऊन असतं.

नवउद्यमी:
म्हणूनच ड्रायर देणारा, शिकवणारा आणि माल विकत घेणारा एकच स्टार्टअप हवा. 2023 चा अर्थशॉट हा पर्यावरण पुरस्कार मिळवणारी एसफोरएस टेक्नॉलॉजीज याच वाटेवरची. बाजार शोधायचं ओझं गटावर टाकणं हा अन्यायच.

गावठाण:
एकच गिऱ्हाईक म्हणजे भाव तोच ठरवणार. याला उद्योजिका म्हणायचं की घरबसली मजूर? किमान तिसरा हिस्सा माल बाहेर विकायची मुभा करारात हवी.

हिशेबनीस:
मुभा हवीच, पण आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी. कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023 मध्ये आयकर कायद्यातही दुरुस्ती झाली: मुदत चुकवली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट नाही.

गावठाण:
कागदावर झकास! तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद.

ओलावा:
व्याजाआधी एवढं लिहून घ्या: आर्द्रता कुठे मोजायची? गटाच्या दारात 6 टक्के भरलेला माल, पिशवी नीट सील नसेल तर पावसाळ्यात गोदामापर्यंत 9 होतो. त्या तीन टक्क्यांची कपात कुणाच्या माथी?