बेल्टवर नक्षीची शिलाई आखायची कशी? शेवटची लाट अर्धीच उरते

टाकादोरा_नाशिक

नमस्कार मंडळी. पाकिटं आणि छोट्या बॅगा शिवून हात बऱ्यापैकी बसलाय, आता मामेभावाला बेल्ट करून द्यायचाय. लग्नात घालणारे म्हणून साधा नको म्हणाला, मधे काहीतरी नक्षी पाहिजे. माझ्या डोक्यात असं आहे की दोन्ही कडांना सरळ शिलाई आणि मधोमध दोन लाटा एकमेकींना छेदत जाणाऱ्या, म्हणजे लांबून साखळीसारखं दिसेल. बेल्ट ३८ मिमी रुंद, म्हशीचं व्हेज टॅन (झाडाच्या सालीने कमावलेलं) चामडं आहे साधारण साडेतीन मिमी जाड. हातानेच शिवणार, दोन सुया घेऊन. ४ मिमीच्या चिझल (दर ४ मिमीवर भोक पाडणाऱ्या दातेरी छिन्न्या) आहेत माझ्याकडे, एक सहा दातांची नि एक दोन दातांची.

अडलंय ते आखणीत. कागदावर बकलकडून लाट काढत गेले तर भोकांजवळ पोचेपर्यंत शेवटची लाट अर्धीच येते. दुसरं म्हणजे दोन लाटा जिथे छेदतात तिथे एकीचं भोक इथे तर दुसरीचं दोन मिमी बाजूला, ते फारच गबाळं दिसतं. त्याच्या आत्ताच्या बेल्टचं माप घेतलंय, बकलच्या घडीपासून तो वापरतो त्या भोकापर्यंत ९२ सेमी. सुरुवात कुठून करायची, मधून का एका टोकाकडून? यूट्यूबवर सगळे एकदम ठोकायलाच बसतात, आखताना कुणी दाखवतच नाही.

रापी_आणि_आरी

ताई, मधूनही नको आणि टोकाकडूनही नको. आधी नक्षी कुठे *येऊ शकत नाही* ते पट्ट्यावर खुणा करून घ्या, मग जे उरेल त्यात नक्षी बसवायची.

घडीला शून्य धरा. मागे वळवायचा भाग साडेसात सेमी, म्हणजे ८ सेमीपर्यंत तर काही करायचं नाही, तिथे खाली डबल जाडी आहे, लूप आहे, बकलचे टाके आहेत. दुसऱ्या बाजूला ९२ वर मधलं भोक, पाच भोकं अडीच अडीच सेमीवर, म्हणजे पहिलं ८७ ला आणि शेवटचं ९७ ला. पहिल्या भोकाच्या चार सेमी आधी थांबा, म्हणजे ८३. टोक साधारण १०७ ला येईल. तुमची जागा झाली ८ ते ८३, म्हणजे ७५ सेमी. यात लाटा पूर्ण आकड्यातच बसल्या पाहिजेत आणि जे चार दोन सेमी उरतील ते दोन्हीकडे सारखे वाटून मोकळे सोडायचे. मोकळी जागा कुणाच्या डोळ्यात येत नाही हो, अर्धी लाट मात्र लगेच येते.

अजून एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. बेल्ट घातल्यावर टोक बकलमधून पुढे पंधरा सेमी जातं आणि सुरुवातीचा तेवढा भाग त्याच्याखाली झाकला जातो. म्हणजे घडीजवळच्या ज्या लाटेसाठी तुम्ही जीव काढणार ती दिसणारच नाही, आणि सगळ्यात पुढे जे दिसतं ते म्हणजे नुसतं टोक. त्यामुळे टोकावर काहीतरी करा, एखादं पान, बदाम, काहीही. पण भोकांच्या रांगेवरून लाट नेऊ नका. बकलची काडी तिथेच घासते, वर्षभरात दोरा तुटतो.

मिमीवाला

वरचं सगळं बरोबर, फक्त लाटेची लांबी मनाने ठरवू नका, टाक्यावरून ठरवा. छेदाचा घोळ होतो तो त्याच्यामुळेच.

लाट सरळ मोजली तर वेगळी आणि वळणावरून मोजली तर वेगळी. समजा लाट ४८ मिमी लांब आणि वरून खालपर्यंत १४ मिमी उंच काढली, तर वळणावरून ती भरते साधारण ५६ मिमी. ४ मिमीचे चौदा टाके. अर्ध्या लाटेत सात. छेद दर अर्ध्या लाटेला येतो म्हणजे छेदावर भोक बरोब्बर येईल, पण सात विषम असल्याने लाटेच्या माथ्यावर भोक येणार नाही, तिथे टाका आडवा पडेल आणि माथा चपटा दिसेल. म्हणून पाव लाटेत पूर्ण टाके बसले पाहिजेत. पाव लाटेत चार, पूर्ण लाटेत सोळा, सोळा चोक चौसष्ट. वळणावरून ६४ मिमी यायला लाट साधारण ५५ मिमी लांब आणि १६ मिमी उंच ठेवा. ७५ सेमीत अशा १३ लाटा बसतात, साडेएकाहत्तर सेमी, उरले ३५ मिमी, दोन्हीकडे साडेसतरा. कडेची शिलाई कडेपासून ४ मिमी आत घेतलीत तर दोन शिलायांमधे ३० मिमी राहतात, त्यात १६ ची लाट, वर खाली सात सात मिमी हवा. याहून उंच केलीत तर कोंबल्यासारखं दिसतं (हे माझं मत, काहींना भरगच्चच आवडतं).

माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कागदावर एक लाट काढा, तिच्यावर मेणाचा दोरा चिकटवत न्या आणि मग सरळ करून मोजा. एक दोन मिमी कमी जास्त निघालं तर उंची थोडी बदला, लांबी तशीच ठेवा.

टाकादोरा_नाशिक

बापरे, हे भारी आहे, पाव लाटेचं डोक्यातच आलं नव्हतं. पण छेदाच्या भोकात दोन्ही लाटांचे दोरे जाणार ना, मग ते मावतात का? आणि कागदावरून चामड्यावर उतरवायचं कसं, कार्बन चालेल का?

मिमीवाला

दोन सुयांच्या शिलाईत प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो, म्हणजे छेदावर चारदा. ०.८ मिमीचा दोरा असेल तर चिझलच्या चिरेत कोंबताना चामडं फाटू शकतं. शिवाय चिझलची चीर तिरकी असते, एक लाट चढती आणि दुसरी उतरती, मग चीर कुणाच्या बाजूने तिरकी ठेवणार? छेदावर चिझल वापरूच नका, गोल आरीने भोक पाडा दीड मिमीच्या आसपास. दोरा ०.६ चा घेतलात तर अजून बरं.

वळणावर दोन दातांचीच चिझल, एक दात आधीच्या भोकात ठेवून दुसऱ्याने नवीन. सहा दातांची कडेच्या सरळ शिलाईला.

कारखाना_सायन

कार्बन नको ताई. व्हेज टॅनवर डाग बसला की बसला. आमच्याकडे मशीनवर काम चालतं तरी आखणी तीच. कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची आणि वरून पांढरी पावडर कापडाच्या पुरचुंडीने थोपटायची. जरीवाले खाका करतात तसाच, फक्त ते रॉकेल वापरतात ते आपण नाही वापरायचं. एकच बेल्ट असेल तर कागद मास्किंग टेपने चिकटवा आणि आरीच्या टोकाने कागदातूनच टोचून खुणा घ्या, ते सगळ्यात सोपं. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून एका लाटेचा फर्मा कापून ठेवलात तर पुढच्या वेळी पण कामाला येईल.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. साडेतीन मिमीच्या एकाच थरावर नक्षी करू नका. मागचा दोरा पॅंटच्या लूपमधून रोज घासणार, कडेची शिलाई टिकेल पण मधली लाट आधी जाईल, कारण मागून ती उघडीच. आम्ही वरचा थर दोन मिमीचा घेतो, नक्षी फक्त त्याच्यावर करतो, गाठी दोऱ्याची टोकं सगळं मागे राहू दे, मग सव्वा दीड मिमीचं अस्तर चिकटवायचं आणि शेवटी कडेची शिलाई दोन्ही थरातून. अस्तर चिकटवताना पट्टा टेबलावर सपाट ठेवू नका, कमरेसारखा गोल वळवून चिकटवा, नाहीतर घातल्यावर आतल्या बाजूला चुण्या पडतात. फेविकॉल एसआर ९९८ दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं.

पंचगंगेकाठी

आमच्याकडं असली लाटाबिटांची शिलाई कुणी करत न्हाई, चपलेला चामड्याच्या वादीनं शिवतात, ती जाड, तिला वळण एवढं बारीक घेता येत न्हाई. तरी एक सांगतो बघा. म्हशीचं चामडं आहे म्हणालात, ते पाठीचं आहे का पोटाकडचं ते आधी बघा. पोटाकडचं ताणतं. पट्टा कापल्यावर आखायच्या आधी हातानं चांगला ओढून घ्या, दोघांनी दोन टोकं धरून. आखल्यावर ताणला तर तुमचं पाव लाटेचं सगळं गणित गेलं.

आणि उलटं पण होतं. लाटेचा दोरा घट्ट ओढत गेलात तर पट्टा आखडतो, लांबीला चार पाच मिमी सहज कमी होतो. म्हणून टोक कापायचं आणि बकलची भोकं पाडायची ती सगळी शिलाई झाल्यावर. आधी भोकं पाडून बसायचं न्हाई. मला विचाराल तर लग्नाच्या बेल्टला दोन कडा नि टोकाला एक पान एवढं बास आहे, पण तुमची हौस.

टेक्सासचा_पाहुणा

हौस तर पाहिजेच की राव 😄 मी ह्यूस्टनला असतो, इथे काउबॉय बुटांच्या नळीवर (घोट्याच्या वरच्या उंच भागावर) अशाच छेदणाऱ्या रेषा असतात, एकाशेजारी एक चार सहा ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात. ते नुसतं शोभेला नसतं, शिलाईने नळी ताठ राहते, खाली लोळत नाही. बेल्टवाल्यांनी ती नक्षी तिथूनच उचललेली दिसते. ताईंना एवढंच सांगेन की दोन लाटा दोन रंगात करा. एकाच रंगात केल्या तर साखळी दिसत नाही, नुसती जाळी दिसते. एक लाट पूर्ण शिवून घ्या, मग दुसरी, म्हणजे छेदावर दुसरा रंग कायम वर बसेल.

टाकादोरा_नाशिक

दोन रंगाचं आवडलं. गडद तपकिरीवर मोहरी आणि ऑफव्हाइट असा विचार आहे. दोरा किती कापू एका रंगाच्या अख्ख्या ओळीला? तेरा लाटा म्हणजे तेरा गुणिले ६४, ८३ सेमी. चौपट धरू का?

रापी_आणि_आरी

चौपट धरा, साधारण ३.३ मीटर आणि वर सुईत अडकवायला थोडा. एवढा लांब दोरा ओढून हात दुखतात आणि दर वेळी चामड्यातून घासून त्याचं मेण जातं, शेवटच्या दोन तीन लाटांपर्यंत तो मळका आणि पिंजलेला होतो. ऑफव्हाइटवर तर लगेच दिसेल. मधे सातव्या लाटेच्या छेदावर तोडा आणि तिथूनच नवीन सुरू करा, दोन टाके उलटे घेऊन. अस्तर लावणारच असाल तर टोकं मागे दडतील.

कारखाना_सायन

हो, आणि बकल आधी हातात घ्या मग पट्टा कापा. दुकानात ४० म्हणून देतात ते आतून कधी ३८ निघतं, अस्तर लावून कडा रंगवल्यावर तुमचा ३८ चा पट्टा त्यात जाणार नाही. आतून ४० भरलं तर घ्या, नसेल तर पट्टा ३७ चा कापा, लाट तशीच राहू दे, वर खाली अर्धा अर्धा मिमी गेला तर काही बिघडत नाही. घडीचा भाग वळवायच्या आधी मागून रापीने अर्ध्या जाडीवर आणा.