विषय: गणेशोत्सवाचं थेट प्रक्षेपण: सामानाची यादी

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

यंदाही गणेशोत्सवाचा कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये आहे. प्रक्षेपणाचं सामान दर वर्षी भाड्यानं आणण्यापेक्षा मंडळाचंच घ्यावं असं कार्यकारिणीत ठरलं. मंजूर रक्कम ४,००० डॉलर. पुढे आलेला प्रस्ताव असा: २ फोर-के मिररलेस (लेन्स बदलता येणारे) कॅमेरे, २४-७० ची लेन्स (मिमीमध्ये), लॅपटॉपवर ओबीएस (प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) आणि शाळेचं वायफाय. कॅमेरे शेवटच्या रांगेमागे राहतील, रंगमंचापासून ६५ फुटांवर. जाणकारांनी मतं कळवावीत. रविवारी ऑर्डर द्यायची आहे.

---

प्रेषक: ध्वनी-चित्रण समिती

ताई, रविवारची ऑर्डर थांबवा. एवढ्या प्रस्तावात आवाजाबद्दल एक शब्द नाही. चित्र जरा मळकट असलं तरी लोक बघत राहतात, आवाज फाटला की दोन मिनिटांत उठतात.

> २४-७० ची लेन्स

हिशेब करून बघा. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) ३६ मिमी रुंद असतो. ३६ गुणिले ६५ भागिले ७० म्हणजे साधारण ३३ फूट. ७० पर्यंत झूम ताणला तरी चौकटीत ३३ फुटांचा रंगमंच येणार आणि गायिका अंगठ्याएवढी दिसणार. तिला कमरेपासून वर दाखवायचं, म्हणजे ५ फुटांची चौकट हवी, तर ४७० मिमीच्या आसपास लेन्स लागते. मिररलेसवर ती घेतली तर बजेट तिथेच संपलं. त्यापेक्षा २०x ऑप्टिकल झूमचा एक कॅमकॉर्डर घ्या. त्याचा लहान सेन्सर अंधारात कमी पडतो, हे खरं. पण रंगमंचावर उजेड असतोच. शिवाय तो थेट विजेवर चालतो, तीन तासांत तापून बंद पडत नाही आणि झूम गुळगुळीत सरकतो. खोक्यावरचा डिजिटल झूमचा आकडा मोजू नका.

पूर्ण रंगमंचाच्या शॉटला मात्र तीच २४-७० चपखल बसते. कोणाकडे मिररलेस असेल तर दुसरा कॅमेरा म्हणून उसना घ्या. बॅटरीऐवजी डमी बॅटरी (तिच्याच आकाराचा, विजेला जोडलेला तुकडा) लावा, ऑटो पॉवर-ऑफ बंद करा आणि एचडीएमआय आउटपुटवरची अक्षरं-चौकोन जातात का ते आधी तपासा. जुन्या मॉडेलांत ती जात नाहीत. फ्लुइड हेडच्या (कॅमेरा न झटकता फिरवणाऱ्या) ट्रायपॉडवर मात्र काटकसर नको.

कॅमेऱ्यांची चित्रं मिसळायला ओबीएसऐवजी एटेम मिनी प्रो हा स्विचर, म्हणजे कॅमेरे बदलायची पेटी. ४ एचडीएमआय इनपुट आहेत, इथरनेटवरून थेट यूट्यूबला पाठवतो आणि यूएसबी डिस्कवर रेकॉर्डही करतो. डिस्क एक्सफॅट या फाइल पद्धतीत फॉरमॅट केलेली हवी. लॅपटॉप फक्त स्लाइड आणि प्रायोजकांच्या जाहिरातींसाठी राहील, त्यामुळे ऐन आरतीत अपडेटची खिडकी पडद्यावर येणार नाही. हा स्विचर १०८०पी पर्यंतच घेतो. कॅमेऱ्यातून फोर-के सोडलं तर त्या इनपुटवर नुसता काळोख. म्हणून फोर-केचे पैसे इथे वाया.

रेकॉर्डिंगवर एवढा भर का? आपल्याकडे उत्तर अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेनुसार शनिवारचे दुपारचे ४ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचा दीड झालेला असतो. तिकडचे आजी-आजोबा सकाळी चहासोबतच बघणार. कॅमकॉर्डरच्या कार्डावरही वेगळं रेकॉर्डिंग चालू ठेवा.

स्विचरचं टेबल कॅमेऱ्यांच्या शेजारी मांडा. साधी एचडीएमआय केबल २५-३० फुटांपुढे भरवशाची नाही: चित्र मध्येच जातं, परत येतं आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो. कधी लांबून आणावंच लागलं तर एसडीआय (लांब पल्ल्याची व्हिडिओ केबल). लांबचा पल्ला आवाजाच्या एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनांच्या केबलला) मारू द्या, त्याला काही होत नाही.

आता आवाज. हॉलच्या मिक्सरचा मुख्य आउटपुट उचलू नका. तबला, ढोलकी, पेटी हॉलमध्ये तशीच ऐकू येते, म्हणून ध्वनिवाला ती स्पीकरवर कमी सोडतो. प्रक्षेपणात मग नुसता गळा उरतो. एक रिकामा ऑक्स (मिक्सरचा वेगळा आउटपुट) मागून घ्या आणि तो पोस्ट-फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीनंतरचा, ठेवायला सांगा. प्री-फेडर ठेवला तर फेडर खाली ओढला तरी निवेदकाची विंगेतली कुजबुज जगभर जाते. सोबत प्रेक्षकांच्या दिशेने २ कंडेन्सर माइक, टाळ्यांसाठी. टाळ्या नसल्या की कार्यक्रम रिकाम्या हॉलमध्ये चालल्यासारखा वाटतो. त्यांना ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतं. एटेमच्या ३.५ मिमी इनपुटवर ते मिळत नाही, म्हणून एक छोटा मिक्सर यादीत टाका. ढोल-ताशाच्या वेळी या माइकांचा पॅड (आवाज कमी करणारा स्विच) चालू करा, एरवी बंद.

मिक्सरमधून एटेमला आवाज देताना होणारी एक फसवी चूक. बाजारातल्या बऱ्याच एक्सएलआर ते ३.५ मिमी केबलींत पिन २ डावीकडे आणि पिन ३ उजवीकडे जोडलेली असते. पिन ३ वर तोच सिग्नल उलटा असतो. हेडफोनवर थोडं विचित्र, पण ऐकू येतं. एका स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि आवाजच नाहीसा होतो. उपाय: मध्ये १:१ ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर (दोन यंत्रांची वीज वेगळी ठेवणारी डबी), त्याच्या पुढे पिन २ डाव्या-उजव्या दोन्हींना, पिन १ आणि ३ जमिनीला. यामुळे घरघरही जाते. एटेमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते इनपुट ‘माइक’वरून ‘लाइन’वर आणायला विसरू नका, नाहीतर सगळं फाटेल.

---

प्रेषक: सभागृह व्यवस्था

वायफायबद्दल: शाळेच्या नेटवर्कवर आधी लॉगिनचं पान येतं, एटेम ते भरू शकत नाही. शाळेच्या आयटीकडून वायरचं कनेक्शन मागा आणि १९३५ पोर्ट (यूट्यूबला प्रक्षेपण पाठवायचं नेटवर्कचं दार) उघडा आहे का विचारा. नसेल तर आरटीएमपीएस (प्रक्षेपण पाठवायची सुरक्षित पद्धत) वापरा, ते ४४३ वरून जातं. प्रक्षेपण ६ एमबीपीएसने करायचं तर सलग किमान १२ अपलोड हवा, आणि तो हॉल भरलेला असताना. कीफ्रेम (पूर्ण चित्र पुन्हा पाठवण्यातलं अंतर) २ सेकंद. चॅनलवर पूर्वी थेट प्रक्षेपण केलं नसेल तर ते सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेव्हा बटण आठवडाभर आधी दाबून ठेवा.

दुसरं, वीज. १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला १,८०० वॉट होतात, सलग वापराला त्यातले १,४४० धरायचे. चहाचा मोठा अर्न एकटाच १,५०० वॉट ओढतो. स्वयंपाक समितीचा अर्न आणि आपलं टेबल एका सर्किटवर आले तर पहिल्या चहालाच ब्रेकर पडेल. स्विचर आणि राउटरला छोटा यूपीएस द्या.

मध्यंतरात चित्रपटगीतं वाजली की यूट्यूब प्रक्षेपण थांबवू शकतं. तेवढा वेळ ऑक्स बंद आणि स्लाइड चालू.

---

प्रेषक: युवा विभाग

दोन पीटीझेड (दुरून फिरवता-झूम करता येणारे) कॅमेरे घेतले तर एकच स्वयंसेवक पुरेल ना? आणि घरी भारतातून आणलेला एक हँडीकॅम पडून आहे, तो तिसरा म्हणून चालेल का?

---

प्रेषक: ध्वनी-चित्रण समिती

व्याख्यानाला पीटीझेड उत्तम. लावणीत नर्तकीमागे तो धावतो तेव्हा मोटरचे झटके दिसतात, आणि जॉयस्टिकचा खर्च वेगळा. या बजेटमध्ये नको.

हँडीकॅम चालेल, पण तो बहुधा २५ किंवा ५० फ्रेमचा असणार. मेनूमध्ये एनटीएससी (इथली ३०/६० फ्रेमची पद्धत) असेल तर निवडा. एटेम ऑटोवर असला की पहिल्यांदा जोडलेल्या कॅमेऱ्याचं फॉरमॅट धरतो. हा पहिला जोडला तर सगळं प्रक्षेपण भारताच्या ५० हर्ट्झवर जाईल. म्हणून आधीच १०८०पी २९.९७ ठरवून टाका. सगळ्या कॅमेऱ्यांचा शटर १/६०. १/५० वर इथल्या ६० हर्ट्झच्या दिव्यांत पट्टे सरकताना दिसतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हातानेच लावा, नाहीतर झेंडूच्या तोरणासमोरून कॅमेरा फिरला की बाप्पाचा रंग बदलतो.

---

प्रेषक: कार्यवाह

ऑर्डर थांबवली. क्रम असा धरते: कॅमकॉर्डर, ट्रायपॉड, एटेम, छोटा मिक्सर, माइक आणि आयसोलेटर, मग केबली आणि यूपीएस. गुरुवारी संध्याकाळी ६ ला हॉल उघडा मिळतोय. मोजपट्टी घेऊन कोण येतंय? चित्र आणि आवाज जुळवायला टाळी वाजवायलाही एक जण लागेल.