संगीतशास्त्राचा पेपर : पाठांतराचा की कानाचा?

पेठकरी (धागाकर्ता)
कोल्हापुरात गाणे शिकणाऱ्या मुलांची शास्त्राच्या पेपरची तयारी मी करून घेतो, आणि 'मारवा, पूरिया व सोहनी यांतील साम्य-भेद लिहा' हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. मुले उभ्या रेघा आखतात, थाट (स्वरांवरून पाडलेला रागांचा गट) मारवा, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य असे रकाने भरतात आणि भरघोस गुण मिळवतात. मात्र ध्वनिमुद्रण लावून राग ओळखायला सांगितला की बहुतेकांची दांडी गुल होते. तिन्ही रागांचे स्वर तेच असल्यामुळे खरा भेद चलनात, म्हणजे राग कोणत्या स्वरांवर थांबत कसा फिरतो त्यात आहे. मारव्यात ऋषभ-धैवतावर मुक्काम असतो आणि षड्ज पुष्कळदा टाळला जातो, पूरियात मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) निषादाची गांधाराशी संगती चालते, तर सोहनी तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाभोवतीच घोटाळते. हे रकान्यात मावत नाही. म्हणून शास्त्राच्या पेपरातले निम्मे गुण ऐकून केलेल्या विश्लेषणाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तालीमप्रेमी
साफ असहमत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या गावात राहिले, त्या गावात तरी हे सांगावे लागू नये. त्यांची जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यापर्यंत पोचली ती समोर बसून घेतलेल्या तालमीतून, पेपर लिहून नव्हे. बसंती केदारासारख्या जोडरागात केदार कुठे सोडायचा आणि बसंत कुठे धरायचा, हे गुरूच्या मागोमाग म्हणूनच गळ्यावर चढते. विश्लेषण ही गाता न येणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेली पळवाट आहे (राग मानू नये).

पेठकरी
राग नाही. पण पदवी घेणारा प्रत्येक जण मैफलीचा गवई होत नाही. कोणी शाळेत शिकवतो, कोणी परीक्षणे लिहितो, आणि त्यांना 'इथे केदार सुटला' हे दाखवता आले पाहिजे. शिवाय आज शिकवले जाते त्या शास्त्रात शंकेला जागाच उरलेली नाही. भूप रागात मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीत, तरी तो कल्याण थाटात. त्याच पाच स्वरांचा देशकार मात्र बिलावल थाटात. हे असे का, असे वर्गात कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

जुनीवही
हा दोष थाटपद्धतीचा नव्हे, गाईडांचा आहे. ही पद्धत मांडणाऱ्या भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीतच आणि गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिली. तिच्यात शिष्य शंका काढतो आणि गुरू उस्तादांच्या गाण्यातले दाखले देतो. कर्नाटक संगीताचे शास्त्रकार व्यंकटमखी यांचे ७२ मेळ (थाटांसारखेच स्वरांचे गट) समोर असताना भातखंडे यांनी १० थाट ठेवले, ते प्रचारातल्या रागांची मांडणी करता यावी म्हणून, आणि भूप-देशकाराची विभागणी चलन पाहूनच झालेली आहे : भूपाचा वादी (रागातला मुख्य स्वर) गांधार, देशकाराचा धैवत. म्हणजे तुम्ही मागता ते विश्लेषण मूळ ग्रंथात आहेच. आपण त्याची गाळलेल्या जागा भरण्याची वही करून टाकली. परिभाषा मात्र पाठ असलीच पाहिजे. ती काढून घेतली, तर ऐकून लिहिलेल्या उत्तरात 'राग गंभीर वाटला, करुण वाटला' याखेरीज काही सापडणार नाही, आणि तसल्या उत्तरपत्रिका मी तपासलेल्या आहेत.

पेठकरी
परिभाषेबद्दल मान्य. मात्र वादी स्वर पाठ असणे आणि तो अमुक आलापात कुठे, कसा ठळक केला हे सांगता येणे यांत बरेच अंतर आहे, आणि गुण आज पहिल्यालाच मिळतात.

तालीमप्रेमी
आणि असे पेपर तपासणार कोण? एकाच आलापावर दोन परीक्षकांचे एकमत होत नाही, एवढे तर आपण स्पर्धांतून पाहतोच.

पेठकरी
एकमत नको आहे. विद्यार्थ्याने आलापातली जागा दाखवून म्हणणे मांडले असेल, तर परीक्षकाला ते पटले नाही तरी गुण द्यावेत. जागाच न दाखवता नुसता 'मारवा' असे बरोबर नाव लिहिणाऱ्याला मी निम्म्याहून अधिक देणार नाही.