आभासी कलादालनातून डिजिटल चित्रकला कशी शिकवावी?

कुंचला:
नमस्कार. मी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला डिजिटल चित्रकला शिकवतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची आभासी फेरी विद्यार्थ्यांना संगणकावर घडवली. परंतु दहा मिनिटांत सगळी दालने पालथी घालून ते मोकळे झाले आणि एकाच्याही वहीत रेघ उमटली नाही. अशा प्रदर्शनांचा अध्यापनात नेमका उपयोग कसा करावा?

रंगपेटी:
फेरी सोडा आणि एकच चित्र घ्या. डच चित्रकार रेम्ब्राँच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ची जी प्रतिमा संग्रहालयाने २०२२ मध्ये खुली केली, ती ८,४३९ छायाचित्रे जोडून बनवलेली, ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज बिंदूंची आहे. पुढे उभ्या असलेल्या, पिवळ्या पोशाखातील लेफ्टनंटच्या अंगरख्यावरचे भरतकाम दुरून अगदी विणल्यासारखे दिसते. मात्र प्रतिमा मोठी करत गेल्यावर तिथे धागा उरत नाही, उरतात ते जाड रंगाचे ठिपके आणि फटकारे. हा एवढाच तुकडा मी तीन अंतरांवरून पाहायला लावतो आणि टॅबलेटवर प्रत्येक अंतरासाठी वेगळा लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) करवून घेतो. सॉफ्टवेअरमध्ये भरतकामाचा आयता ब्रश शोधत बसण्याची खोड (ती सगळ्यांनाच असते) तिसऱ्या लेयरवर मोडते.

शाईदौत:
पद्धत चांगली आहे, पण पडद्यावर आकाराचे भान राहत नाही. मूळ चित्र सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे. आम्ही वर्गाच्या फरशीवर खडूने तेवढी चौकट आखली, तेव्हा बाके भिंतीला लावावी लागली. शिवाय रंगाचा उंचवटा कडेने वाकून पाहण्याची सोय प्रतिमेत नसते, म्हणून सोबत एखादे खरे तैलचित्र वर्गात आणावे, मग ते विद्यार्थ्याचे का असेना.

रंगपेटी:
मान्य. आणखी एक स्वाध्याय सुचवतो. १७१५ मध्ये हे चित्र नगरभवनातील भिंतीवर बसावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले आणि डावीकडील दोन माणसे त्यात गेली. चित्रकार गेरिट लुंडेन्सने चित्र कापण्याआधीच केलेल्या छोट्या नकलेच्या आधारे संग्रहालयाने २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ते भाग पुन्हा घडवले. विद्यार्थ्यांना फक्त नक्कल दाखवून डावी बाजू स्वतः पूर्ण करू द्यावी. संग्रहालयाची आवृत्ती नंतरच उघडावी.

कुंचला:
आभारी आहे. डाव्या बाजूपासूनच सुरुवात करतो. बाके हलवायची तर आधी शिपाईमामांना विचारावे लागेल.