नील गाऊची शोकधून: इतिहास काय आणि व्हायोलिनवर बसवायची कशी?

झाडीपट्टी_व्हायोलिन (साकोलीकडचा)
स्कॉटलंडच्या नील गाऊ या व्हायोलिनवाल्याची, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मृत्यूवरची धून भजन मंडळात वाजवायची आहे. व्हायोलिन प-सा-प-सां लावलेलं, सा पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी). धून नेमकी कधीची? आणि इतकी उदास असून पेटीवर एकही कोमल सूर लागत नाही, हे कसं?

जुनी_पानं
भाऊ, नील गाऊ १७२७ ते १८०७ मधला, पर्थशायरमधल्या डंकेल्डजवळ इन्व्हर गावचा. अ‍ॅथोलच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता. त्याचा भाऊ डोनाल्ड सोबत चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) वाजवायचा. दुसऱ्या बायकोशी, मार्गारेट अर्क्हार्टशी, लग्न १७६८ला, ती वारली १८०५मध्ये. म्हणजे ही सत्तरी ओलांडलेल्या माणसाची रचना आहे. छापून आली ती त्याच्यामागे, मुलगा नथॅनियलनं १८०९मध्ये काढलेल्या पाचव्या संग्रहात. नथॅनियल पहिल्या बायकोचा. आश्रय उमरावाचा असला तरी धून घरच्या माणसासाठी आहे, मला तिची थोरवी त्यातच वाटते.

सूर सगळे शुद्ध, आपल्या बिलावल थाटाचे. दुःख आहे ते संथ चालीत आणि लांब श्वासात. म्हणून कोमल गंधार-धैवत घुसवू नका, धून मरते.

गज_आणि_खुंटी
जाड तार एक सूर उतरवा, बारीक तार एक सूर चढवा. मधल्या दोन तशाच. आता खुल्या तारा म-सा-प-रें होतात, तिकडं तारा अशाच जुळवतात. बारीक तार थोडी थोडी चढवा, दर वेळी घोडी (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) पुढं झुकली का बघा. झुकली तर आधी सरळ करा, नाहीतर ती पडते.

चूक हमखास बारीक तारेवरच होते, कारण जुन्या सवयीची बोटं एक घर चुकतात. तिथं खुला रें, पहिलं बोट गं, दुसरं त्याला चिकटून मं, तिसरं पं, करंगळी धं. दुसरा भाग वर चढतो, तेव्हा ही करंगळी लागतेच. आधी आठवडाभर नुसता आरोह-अवरोह घासा जी.

उन्हाळ्यात खुंट्या आकसून सुटतात, खडू लावून आत दाबत फिरवा. कूलरच्या झोतात बसलात तर ओलाव्यानं त्याच फुगून अडकतात, गजाचे केसही सैल पडतात.

दादरा_नको
मोजणी सहा मात्रांचीच, पण तबल्यावर दादऱ्याचा ठेका धरला की धून नाचायला लागते. तबला बाजूला ठेवा, पेटीवर फक्त सा-प धरा. मिनिटाला १०० ते ११० मात्रा. आठ-आठ मापांचे (एक माप सहा मात्रांचं) दोन भाग, प्रत्येक दोनदा. एक फेरा पावणेदोन ते दोन मिनिटांचा. तीन मात्रांना एक गज पुरवा, संपत आला म्हणून शेवटी ओढू नका. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) एखाद्याच जागी, तीही छोटी.