घरी बर्न केलेली डीव्हीडी लॅपटॉपवर चालते, प्लेअरवर अडकते

प्रश्न – देवगडकर

वडिलांच्या कीर्तनांच्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून त्यांच्या डीव्हीडी करण्याचे काम सध्या घरीच करत आहे. आईला त्या दिवाणखान्यातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर पाहायच्या असतात आणि आमच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावण्याची सोय नाही. पहिली डीव्हीडी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू प्रकारची आहे. ती आत घातली की प्लेअर बराच वेळ घरघरतो आणि ‘नो डिस्क’ दाखवून थांबतो. दुसरी साधी, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर आहे. ती सुरळीत सुरू होते, परंतु पूर्वरंग संपून आख्यान रंगात आले की, म्हणजे साधारण १ तास २० मिनिटांनी, चित्राचे चौकोन होऊ लागतात, आवाज तुटतो आणि मग सगळेच अडकून बसते. कीर्तन एकूण पावणेदोन तासांचे असून त्याने डीव्हीडी जवळजवळ पूर्ण भरली आहे. ती १६एक्स वेगाने, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पटीने, बर्न केली होती आणि वर छापील कागदी लेबल चिकटवले आहे. दोन्ही डीव्हीडी लॅपटॉपवर विनातक्रार चालतात आणि दुकानातून आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी प्लेअरवर उत्तम चालतात. मग दोष नेमका कोणाचा समजावा?

प्रतिसाद – चकतीपुराण

आपल्या दोन तक्रारी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्या एकत्र सोडवू नयेत.

आरडब्ल्यूची गोष्ट सोपी आहे. विकतची एकपदरी डीव्हीडी लेसरचा किमान ४५ टक्के प्रकाश परत पाठवते. आरडब्ल्यू जेमतेम १८ ते ३० टक्के पाठवते. जुन्या प्लेअरला एवढ्या मंद प्रकाशात आत काही आहे हेच कळत नाही. त्यावर दुसऱ्या ब्रँडची आरडब्ल्यू आणून पाहण्यात पैसे घालवू नका, सरळ डीव्हीडी-आर वापरा.

दुसऱ्या डीव्हीडीत मात्र ती कोठे अडकते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि मजकूर मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ मिलिमीटरवर संपतो. पावणेदोन तासांपैकी १ तास २० मिनिटे झाली, की लेसर साधारण ५२ मिलिमीटरवर, म्हणजे डीव्हीडीच्या कडेपासून फक्त ८ मिलिमीटर आत असतो. आपले सगळे आख्यान त्या शेवटच्या अरुंद पट्ट्यात आहे. बोटे तिथेच लागतात, डीव्हीडी जराशी वाकली तरी फरक तिथेच सर्वांत जास्त पडतो, आणि १६एक्स हा वेग बर्नर आतल्या भागात गाठतच नाही, तो कडेला पोहोचल्यावर गाठतो. म्हणजे सर्वांत घाईचे लेखन सर्वांत नाजूक जागी झाले आहे. त्यात कागदी लेबल एका बाजूला केसभर जरी सरकले असले, तरी फिरताना डीव्हीडीचा तोल जातो.

लॅपटॉप हे निभावून नेतो, कारण वाचता न आलेली जागा तो वेग कमी करून पुन्हा पुन्हा वाचतो. प्लेअरला पुढचे चित्र वेळेवर द्यायचे असल्याने त्याच्याकडे तेवढी उसंत नसते.

पुढची डीव्हीडी करताना वेग ८एक्स ठेवा. वेग जितका कमी तितके चांगले हा समज अर्धवट खरा आहे. १६एक्ससाठी बनवलेल्या डीव्हीडीवरचा रंगद्रव्याचा थर अगदी कमी वेगात नेहमी चांगला उमटतोच असे नाही. इमेजबर्न या डीव्हीडी लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये बर्न झाल्यावर पडताळणीची खूण चालू ठेवा आणि ४.७ जीबीपैकी शेवटचा दहावा हिस्सा शक्यतो रिकामा सोडा. आपल्या कीर्तनासाठी चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास दर ठेवला तर ते सहज जमते. व्हीएचएसच्या चित्राला त्याहून अधिक देऊन दिसण्यात फारसा फरक पडणारही नाही. लेबल लावू नका, मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने नाव लिहा. जुने लेबल मात्र ओढून काढायला जाऊ नका. लॅपटॉपवर ती डीव्हीडी वाचली जाते आहे तोवर त्यातला सगळा मजकूर आधी उतरवून घ्या.

प्रतिसाद – स्क्रूड्रायव्हर

वरील सर्व मान्य, तरी आरडब्ल्यूला मोडीत काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. विंडोजमध्ये कोरी डीव्हीडी घातली की ती पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असे विचारले जाते. पहिला पर्याय निवडून एमपी४ फाइल नुसती ओढून टाकली असेल, तर संगणक ती आनंदाने चालवतो आणि साधा प्लेअर मात्र तिच्याकडे पाहतही नाही. डीव्हीडी लॅपटॉपवर उघडा. आत व्हिडिओ_टीएस नावाचे फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी व व्हीओबी फाइली दिसल्या पाहिजेत. शिवाय बर्न केल्यावर डिस्क बंद, म्हणजे फायनलाइज, झालेली असावी. एवढे असूनही ‘नो डिस्क’ येत असेल तर चकतीपुराण यांचे म्हणणे खरे.

देवगडकर

दोघांचेही आभार. आरडब्ल्यूमध्ये फोल्डर व्यवस्थित आहे आणि ती फायनलाइजही झालेली आहे, म्हणजे प्लेअरला तिचा प्रकाशच पुरत नसावा. कीर्तन कमी दराने पुन्हा तयार करून ८एक्सवर बिनलेबलाची डीव्हीडी-आर केली आणि ती आरतीपर्यंत न अडखळता चालली. याचीच एक प्रत न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला पाठवायची आहे. तिच्याकडेही प्लेअरच आहे. तेथे काही वेगळे करावे लागेल का?

प्रतिसाद – एडिसनकर

करावे लागेल. भारतातील टीव्हीच्या चित्राची पद्धत पाल, म्हणजे ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे; अमेरिकेतील एनटीएससी, म्हणजे ४८० ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रे. भारतातले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, इकडचे बहुतेक चालवत नाहीत, त्यामुळे भारतातून आलेली लग्नामुंजींची डीव्हीडी इथे बहुधा संगणकावरच पाहिली जाते. रीजन कोडची, म्हणजे डीव्हीडी ठरावीक देशांतच चालू देणाऱ्या खुणेची, चिंता नको, घरी केलेल्या डीव्हीडीला तो सहसा नसतोच. डीव्हीडी तयार करण्याच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच एनटीएससी निवडून बहिणीसाठी वेगळी प्रत करा. मात्र त्यासाठी पालच्या डीव्हीडीतून पुन्हा रूपांतर करू नका, कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल घ्या. प्रत्येक फेरीत चित्र थोडे थोडे विरत जाते. ती मूळ फाइल हार्ड डिस्कवर असेल, तर पार्सलची वाट पाहण्यापेक्षा ती इंटरनेटवरून पाठवून प्रत इथेच बर्न करायला सांगणेही सोपे पडेल.